साचा तयार, सारण आपलं

करंज्या करताना साचा हाताशी असला की आकार एकसारखा येतो. सारण मात्र आपलं आपल्यालाच करावं लागतं. बचत गटाची वेबसाइटही अशीच तयार साच्यातून करता येते.

त्यासाठी गूगल साइट्स नावाची सोय आहे. ती २००८ साली सुरू झाली. जीमेलचं खातं असलं की फुकट वापरता येते, आणि गटातल्या दोघी-तिघी मिळून तिच्यावर काम करू शकतात. हे काम मोबाइलपेक्षा संगणकावर करा. तिथे कार्यक्रम, प्रकल्प, क्लब, हॉटेल असे तयार साचे दिसतात. नावावर जाऊ नका, मांडणी बघा. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या गटाला हॉटेलचा साचा बरा पडतो.

साच्यात नमुन्याचे फोटो आणि मजकूर आधीच असतात. ते काढून आपले घाला. नको तो भाग पुसून टाका.

मग पानं लावा. समजा, मुर्धा गावातला एखादा गट आगरी-कोळी मसाला आणि पापड विकतो. पहिल्या पानावर गटाची ओळख, दुसऱ्यावर माल, वजन आणि भाव, तिसऱ्यावर संपर्क. भाईंदरच्या मिठागरात प्रत्येक वाफ्याचं काम ठरलेलं असतं, तसं प्रत्येक पानाला एकच काम द्या. म्हणजे गिऱ्हाइकाला भाव शोधत बसावं लागत नाही.

आता महत्त्वाचं. ही वेबसाइट म्हणजे आपली ओटी आहे, माजघर नव्हे. कोणी किती कर्ज घेतलं, कोणाचा हप्ता थकला, आधार क्रमांक, बँकेचं पासबुक, यातलं काहीही तिथे टाकू नका. बाईचं कर्ज गावभर झालं तर ती पुन्हा बैठकीला येईल का? फोटो टाकतानाही आधी तिला विचारा. संपर्कासाठी घरचा नंबर न देता गटाचा वेगळा नंबर द्या. बैठकीचा वृत्तान्त ठेवायचाच असेल, तर वेगळी साइट करा आणि ती फक्त सभासदांनाच दिसेल असं ठरवा. प्रसिद्ध करण्याआधी ‘कोणाला दिसेल’ हे निवडता येतं.

दुसरी गोष्ट खात्याची. एखाद्या मुलीच्या स्वतःच्या खात्यावर साइट केली आणि ती लग्न होऊन सासरी गेली, की किल्लीही तिच्याबरोबर गेली. म्हणून गटाच्या नावाचं खातं काढा. पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे असू द्या. सलग २ वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, तेव्हा मधूनमधून उघडत राहा. भाव बदलला की तोही बदला, आणि प्रसिद्ध करण्याचं बटण पुन्हा दाबा. ते दाबेपर्यंत लोकांना जुनाच भाव दिसतो.

एका गटाची साइट छान जमली, की तिची प्रत काढून शेजारच्या गटाला द्या. नाव, माल, फोटो त्यांनी आपले घालावेत. मग तुमची साइटच त्यांचा साचा होईल.

येत्या बैठकीत कागदावर तीन चौकोन काढा आणि कुठल्या पानावर काय येईल ते सगळ्याजणी मिळून ठरवा. संगणक त्यानंतर उघडा.