सेकंदाच्या कोटीव्या भागातली वीज

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, आल्बुकर्की इथल्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत ‘झेड’ नावाचे सुमारे ३३ मीटर व्यासाचे गोलाकार यंत्र आहे. एका प्रयोगासाठी त्यात साठवलेली वीज घरच्या मीटरवर मोजली तर जेमतेम सहा युनिटे भरेल. पण तीच वीज सेकंदाच्या एक कोटीव्या भागात मधोमध ओतली जाते, तेव्हा २ कोटी ६० लाख अँपिअरचा प्रवाह वाहतो. त्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र मधल्या बारीक तारांना किंवा धातूच्या नळीला आत चिरडते. अणुसंमीलनासाठी लागणारे तापमान आणि दाब अशा रीतीने गाठायचा हा प्रयत्न आहे.

१९८५ साली हे यंत्र सुरू झाले ते कणशलाकांनी संमीलन घडवणारे त्वरक म्हणून. लिथियम आयनांची शलाका पुरेशी एकवटता येईना, तेव्हा १९९६ मध्ये शास्त्रज्ञांनी कण सोडून दिले आणि थेट प्रवाहानेच चिरडायचे ठरवले. विजेची यंत्रणा मात्र कामी आली. तिचा गाभा १९२४ सालचा आहे. जर्मन अभियंता एर्विन मार्क्स याने कपॅसिटर समांतर जोडणीत भरायचे आणि क्षणात एकसर जोडणीत रिकामे करायचे, ही युक्ती काढली. त्यामुळे सगळ्यांचे व्होल्ट एकावर एक चढतात. झेडमध्ये ६० कपॅसिटरांचे असे ३६ संच आहेत. मुंबईतल्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘काली’ हे इलेक्ट्रॉन त्वरकही मार्क्सच्याच जोडणीवर उभे आहे.

मार्क्स संचातून निघालेला स्पंद लांबट असतो. तो आखडण्यासाठी वापरतात ते शुद्ध पाणी! पाण्यात विद्युतभार फार वेळ टिकत नाही, पण इथे फार वेळ लागतच नाही. पाणी, पॉलिथिनचे तक्ते, मोरचुदाच्या द्रावणाचे रोधक अशा स्वस्त साहित्यातून प्रचंड स्पंद घडवण्याची रीत इंग्लंडमधल्या आल्डरमास्टनच्या चार्ली मार्टिन यांनी १९६०च्या दशकात रुजवली. या शास्त्रातले सर्वांत मोठे काम मला तेच वाटते.

खरा कस लागतो तो वेळ साधताना. सेकंदाच्या कोटीव्या भागात प्रकाशसुद्धा जेमतेम ३० मीटर जातो, म्हणजे झेड ओलांडण्याइतकाही नाही. तरी ३६ दिशांचे स्पंद एकदमच पोहोचावे लागतात. म्हणून मुख्य स्विच लेझरच्या किरणाने पेटवतात.

एवढे करून दिवसाला साधारण एकच स्फोट होतो, कारण दर वेळी गाभ्याची मोडतोड होते. संमीलनावर चालणाऱ्या वीजकेंद्राला हे परवडणार नाही. रशियातल्या तोम्स्कच्या शास्त्रज्ञांनी त्यावर वेगळी वाट शोधली: दोन कपॅसिटर आणि एक स्विच एवढाच छोटा घटक, जो मुळातच आखूड स्पंद देतो. असे हजारो सारखे घटक कारखान्यात बनवून रचायचे. या धर्तीच्या एका संचाने दर १०.२ सेकंदांनी सुमारे ५ लाख अँपिअर दिल्याचे सँडियाने २००७ साली जाहीर केले. त्या गतीने वर्षभर चालणाऱ्या केंद्रातला प्रत्येक स्विच ३० लाखांहून अधिक वेळा न चुकता पेटावा लागेल, आणि तो स्वस्तही असावा लागेल.