हवाबंद पिशवी: आधी सुकवण, मग साठवण

बेंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने विकसित केलेला ‘हेब्बाळ अवरे-४’ हा वालाचा वाण दिवसमानाचे बंधन नसल्याने कोणत्याही हंगामात पेरता येतो. मात्र पुढील पेरणीपर्यंत बियाणे भुंगेऱ्यापासून राखावे लागते. हवाबंद प्लॅस्टिक पिशवीत दाणे व कीड यांच्या श्वसनाने प्राणवायू घटतो आणि भुंगेऱ्याची वाढ थांबते. परंतु हीच पिशवी ओलही कोंडून ठेवते. ओलसर बियाण्यास बुरशी लागून उगवणशक्ती नष्ट होते. म्हणूनच बीज प्रमाणन मानकांनुसार कडधान्य बियाण्यातील आर्द्रता साध्या पिशवीत कमाल ९ टक्के, तर बाष्परोधक पिशवीत ८ टक्के असावी. ओलावामापकाने खात्री करावी, हवा दाबून काढावी, तोंड घट्ट बांधावे आणि पेरणीपूर्वी पिशवी उघडू नये.