जुना ट्रॅक्टर सुरू होत नाही तेव्हा
कांदिवलीशी ज्यांचे नाव निगडित आहे, आणि ज्यांच्या निर्मितीसाठी महिंद्रांनी १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीशी सहकार्य केले, ते बी-२७५ सारखे ट्रॅक्टर वृद्धापकाळी एखाद्या सकाळी मुकाट बसले, म्हणजे मालक थेट इंजिन उघडावयास निघतो, याची मला मनापासून हळहळ वाटते. कारण कसूर बहुधा क्षुल्लक असते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते, सबब ते थांबविण्यासाठी इंधनाचा पुरवठाच तोडावा लागतो, आणि त्याकरिता आदल्या सायंकाळी ओढलेली दांडी पूर्ववत आत ढकलावयाची राहिली असेल, तर स्टार्टर कितीही फिरवला तरी व्यर्थ. टाकीखालचा कॉक बंद राहणे हाही तोच प्रकार. टाकी कोरडी पडली असल्यास मात्र नुसते डिझेल ओतून भागत नाही. नळीत शिरलेली हवा, फिल्टरवरील स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंपाने काढावी लागते. स्टार्टर नुसताच ‘टक्’ करीत असेल, तर बॅटरीच्या टोकांवरील पांढरट-हिरवा थर साफ करून तारा घट्ट आवळाव्यात. मिस्त्रीला निरोप त्यानंतर धाडावा.