सांबऱ्यातली मातृभाषा आणि जनगणनेचा रकाना

बेळगावचा विमानतळ ज्या गावात आहे, त्या सांबऱ्यात घरात मराठी, सरकारी कागदावर कन्नड, टीव्हीवर हिंदी आणि विमानाच्या तिकिटावर इंग्रजी. आता जनगणनेचा माणूस दारात आला की हे सगळं तो कसं लिहून घेतो?

त्याच्याकडे दोन प्रश्न असतात. पहिला मातृभाषेचा. नियमानुसार मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी जी बोलली ती. आज घरात काय बोलता, हे तिथं कुणी विचारत नाही. त्यामुळं बेळगावात आयुष्य काढलेली, लेकरांशी मराठीत बोलणारी कानडी माहेरची सून कागदावर कन्नडच राहते. दुसरा प्रश्न, मातृभाषेखेरीज येणाऱ्या भाषांचा. जास्तीत जास्त दोन. म्हणजे ज्या मराठीभाषक बाईला कन्नड आणि हिंदी अधिक सरावाची, तिची इंग्रजी यादीबाहेर!

अमेरिकेत इंग्रजीखेरीज दुसरी भाषा घरी बोलणाऱ्याला 'इंग्रजी किती चांगली येते' असं विचारून चार पायऱ्यांत उत्तर घेतात. आपल्याकडे पायऱ्या नाहीत. २०११च्या गणनेत इंग्रजी मातृभाषा सांगणारे अडीच लाखांच्या आसपास, पण दुसरी वा तिसरी भाषा म्हणून सांगणारे बारा कोटींहून अधिक. त्यांत फर्डं बोलणारा आणि 'थँक्यू'वर थांबणारा, दोघंही एकाच रकान्यात.

आणि अण्णा, अक्का या हाका? कानडीतून आल्या, पण मराठी घरातही रोज घुमतात. त्यांना रकानाच नाही.