देवगिरीची दोन दिवसांची सहल

नाशिककरांच्या घरीं पाहुणा आला कीं त्याला त्र्यंबकेश्वर, पंचवटी आणि पांडवलेणीं दाखविण्यास आपण उत्सुक असतों. परंतु स्वतः प्रवासास निघावयाचें म्हटलें म्हणजे थेट दिल्ली-आग्र्याचें नांव तोंडीं येतें. मनमाडमार्गें आगगाडीनें अर्ध्या दिवसांत गांठतां येणारी आपली स्वतःची राजधानी मात्र कोणास आठवत नाहीं. ती म्हणजे यादवांची देवगिरी, अर्थात् पुढील काळांतील दौलताबाद.

वाटाड्यावांचून पाहावयाचें तर थोडी पूर्वतयारी हवी. एखाद्या रविवारीं सिन्नरास जाऊन गोंदेश्वराचें मंदिर पाहून यावें. यादवांची जुनी राजधानी त्याच बाजूस होती. बाराव्या शतकाच्या अखेरीस पांचव्या भिल्लमानें ती देवगिरीस नेली. कां नेली, हें डोंगराचे तासलेले उभे कडे पाहतांच कळतें.

पहिल्या दिवशीं छत्रपति संभाजीनगरास मुक्काम करावा. तेथून किल्ला सुमारें पंधरा किलोमीटर. दुसऱ्या दिवशीं उजाडतांच चढावयास लागावें. वेरूळ, खुलताबाद आणि किल्ला एकाच दिवसांत उरकण्याचा मोह आवरावा. वेरुळासाठीं तिसरा दिवस काढावा, मात्र तो मंगळवार नसावा, कारण त्या दिवशीं लेणीं बंद असतात. मीं स्वतः एकदां मुलांना घेऊन भर दुपारीं किल्ल्यावर गेलों होतों. पाणी अर्ध्या वाटेंतच संपलें, आणि अंधारीच्या तोंडाशीं येऊन आम्हांस परतावें लागलें. दोष सर्वस्वी माझाच होता.

शिध्याची उपेक्षा या किल्ल्यास तर फारच महाग पडली आहे. १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला तेव्हां युवराज शंकरदेव सैन्यासह दूर होता. रामदेवराय किल्ल्यांत शिरला आणि घाईनें पोतीं आंत घेतलीं गेलीं. तीं धान्याचीं नसून मिठाचीं होतीं, असें जुने इतिहासकार सांगतात. कडा अभेद्य होता, पण तह करावा लागला. पुढें १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें दिल्लीची राजधानीच येथें आणली व नांव दौलताबाद ठेविलें.

खंदक ओलांडला कीं अंधारी लागते. खडकांत कोरलेला हा वळणावळणांचा काळोखी जिना आहे. जवळ विजेरी असावी, पायऱ्या पाहून पाय टाकावा, वटवाघळें दचकवितात. गुडघेदुखीच्या माणसांनीं येथेंच थांबावें, त्यांत कमीपणा नाहीं. वर मोंगली बारादरी, आणि तोफा. याच किल्ल्यावर किल्लेदार जनार्दनस्वामींच्या पायांशीं एकनाथ शिकले, आणि याच किल्ल्यांत १६२९ सालीं जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव यांची निजामशाही दरबारांत हत्या झाली. हीं दोन्ही स्मरणें एकाच दगडाशीं जोडलेलीं आहेत. मुलांना तीं तेथेंच सांगावीं, घरीं सांगून तीं रुजत नाहींत.

उतरतांना चिनीमहाल पाहावा. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह याला औरंगजेबानें तेथें कैदेंत ठेविलें होतें. चांदमिनार अगदीं शेवटीं, पायथ्याजवळ. तो बहामनी राजवटींतील असून साठ मीटरांहून उंच आहे. त्याच्या सावलींत बसून उरलेली शिदोरी सोडावी, आणि मग स्टँडावर जाणारी मोटार धरावी.