झेन किती खाली घ्यायची?

गाडी खाली घ्यायची म्हटलं की बहुतेक जण थेट स्प्रिंग शोधायला लागतात. त्याआधी टेप हातात घ्यायला हवी. चाकाच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही चाकांवर मोजायचं. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा आकड्यात शिरते. चाकाच्या मध्यापासून मोजलं की स्प्रिंग कुठवर दबलीय तेवढंच दिसतं. गाडी मात्र सपाट जागी उभी हवी, आणि आमच्या कोकण किनाऱ्यावरच्या आंजर्ल्यात अंगणंसुद्धा उताराची. त्यामुळे हे साधं काम सुरू व्हायलाच वेळ लागतो.

माझी गाडी जुनी झेन. मारुतीने 1993 मध्ये आणलेली, 993 सीसीच्या ॲल्युमिनियम इंजिनची, 2006 पर्यंत बनत राहिलेली ती गोल कडांची झेन. वजन पाऊण टनाच्या आसपास. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग एकाच खांबात. मागे अखंड ॲक्सल, त्याला धरून ठेवणारे दांडे आणि वेगळ्या कॉइल स्प्रिंगा. गाडी छोटी, रेखीव, पण चाक आणि मडगार्ड यांच्यामधली पोकळी डोळ्यांत खुपते. ती पोकळी मिटवायची हौस कंपनीतून गाडी बाहेर पडल्या दिवसापासूनची आहे.

चारही चाकांचे आकडे लिहून दापोलीच्या वाटेवरच्या मेस्त्रींना दाखवले. डावी-उजवीकडे फरक होता आणि मागचे दोन्ही आकडे पुढच्यांच्या मानाने बरेच कमी होते. मेस्त्रींनी कागद परत दिला. म्हणाले, "भाऊ, ही आधीच लो झालीय. फुकटात."

जुन्या गाडीत नेमकं हेच विसरलं जातं. वर्षानुवर्षं ओझं वाहून स्प्रिंग बसते. बसलेल्या स्प्रिंगवरून "अजून चाळीस मिलिमीटर खाली" असं ठरवलं तर तो हिशेब हवेतलाच. मेस्त्रींनी मागची जुनी स्प्रिंग काढून कंपनीच्या नव्या स्प्रिंगशेजारी फरशीवर उभी केली तेव्हा उंचीतला फरक लांबूनही दिसत होता. शिवाय जुनीच्या खालच्या वेटोळ्यावर गंजाचे पापुद्रे सुटलेले. बैठकीच्या वाटीत वाळू आणि जांभ्याची तांबडी माती साठते, ओल धरून ठेवते, खारा वारा बाकीचं काम करतो. किनाऱ्यावरच्या गाड्यांत स्प्रिंग तुटते ती बहुधा या खालच्या वेटोळ्यातच. रंगाचा थर गेला की लोखंडाला खड्डे पडतात आणि प्रत्येक हिसक्याचा ताण त्या खड्ड्यांपाशी गोळा होतो.

खाली घेण्याचे मार्ग चार. सगळ्यात स्वस्त म्हणजे ग्राइंडरने वेटोळं कापणं. इथे थोडं गणित कामाला येतं. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि वेटोळ्यांची संख्या कमी केली की त्याच प्रमाणात चढतो. सहा कामाच्या वेटोळ्यांतलं एक कापलं तर स्प्रिंग 20 टक्के कडक होते. हे ऐकायला बरं वाटतं. पण कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही, आणि चाक हवेत लटकलं की आखूड स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. आमच्याकडे आणखी एक भर म्हणजे कापलेल्या उघड्या टोकापासून गंज सुरू होतो. दुसरा मार्ग गॅसकटरने स्प्रिंग तापवून बसवण्याचा. त्यात पोलादाला दिलेलं पाणीच उतरतं. मेस्त्री हे काम घेत नाहीत. कारण विचारलं तर भंगारात पडलेला एक तुकडा पायाने पुढे सरकवतात.

तिसरा मार्ग तयार लोअरिंग स्प्रिंगचा. नव्या गाड्यांसाठी पर्याय पुष्कळ, झेनसारख्या जुन्या गाडीसाठी थोडे. त्यात नावाचा घोळ आहे. झेन युरोपात सुझुकी अल्टो म्हणून विकली गेली, त्यामुळे परदेशी यादीत ती त्या नावाखाली सापडते. आपल्याकडे 2000 मध्ये आलेली अल्टो ही वेगळी गाडी. नुसतं नाव बघून मागवलं तर भलताच डबा दारात येतो. तयार स्प्रिंगांतल्या अनेक ‘प्रोग्रेसिव्ह’ असतात: एका टोकाची वेटोळी दाट, ती आधी मिटतात आणि मग स्प्रिंग कडक होते. शहरात हे छान चालतं. इथे त्या दाट वेटोळ्यांत वाळू शिरते, वेटोळी एकमेकांवर घासून रंग उडवतात. घ्यायच्याच असतील तर त्या भागावर रबरी नळी चढवलेल्या घ्याव्यात. नाहीतर स्प्रिंग बनवणाऱ्या कारागिराकडून जाड तारेची करून घ्यावी. 10 मिलिमीटरची तार 11 केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर कडकपणा जवळपास 46 टक्क्यांनी वाढतो. एका मिलिमीटरची ही करामत पाहिली की ‘थोडी जाड करा’ असं मोघम सांगायची सोय उरत नाही.

चौथा मार्ग कॉइलओव्हर. शॉकपच्या अंगावर आटे पाडलेले, कडं फिरवून उंची कमी-जास्त करायची. कागदावर हाच सर्वांत उत्तम. पण त्या आट्यांत मीठ आणि रेती बसते, पोलादी अंगावर ॲल्युमिनियमचं कडं असेल तर दोन धातूंमुळे गंज आणखी जोर धरतो, आणि एका पावसाळ्यानंतर फिरणारी उंची कायमची होऊन बसते.

मार्ग कोणताही घ्या, खरा प्रश्न चाक वर जायला जागा किती उरते हा आहे. ती मोजायची युक्ती मेस्त्रींची. पुढच्या शॉकपचा रबरी बुरखा वर सरकवून चकाकत्या दांड्यावर त्यांनी एक झिप टाय बांधला आणि तो खाली शॉकपच्या तोंडाशी टेकवला. शॉकप दबला की टाय वर ढकलला जातो आणि सर्वांत मोठ्या हिसक्याची खूण धरून तिथेच थांबतो. नव्या कंपनी-स्प्रिंगा आणि नवे शॉकप बसवून, घरची माणसं आणि सामान भरून, आम्ही खाडीवरच्या पुलावरून हर्णै, मुरूड, आसूद करत दापोलीला जाऊन आलो. चढ, वळणं, डांबर संपतं तिथली धार, आगराचं पाणी नेणाऱ्या पाइपावर घातलेला मातीचा उंचवटा, गतिरोधक, सगळं त्यात आलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. गावोगावचे गतिरोधक रुंदीच्या बाबतीत हे मानक क्वचितच मानतात. परत आल्यावर पाहिलं तर टाय आणि वरचा रबरी ठोकळा यांच्यात जेमतेम दोन बोटं उरली होती.

निवड या दोन बोटांनी केली. चाळीस मिलिमीटर खाली घेतली असती तर प्रत्येक मोठ्या धक्क्याला गाडी ठोकळ्यावर आदळली असती. कमी जागेत तोच धक्का पचवायचा तर स्प्रिंग किती कडक हवी? जागा 80 मिलिमीटरवरून 50 वर आली तर सुमारे अडीच पट. तेवढी कडक स्प्रिंग जुने शॉकप सांभाळू शकत नाहीत, गाडी उसळत राहते. म्हणून स्प्रिंग बदलताना शॉकपही त्या जोडीचे लागतात.

आणि मिळतं काय? गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच धरला आणि गाडी 25 मिलिमीटर खाली घेतली, तर वळणावर बाहेरच्या चाकांकडे सरकणारं वजन 5 टक्क्यांनी घटतं. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये त्यातलंही काही हातून जातं. खालचा आर्म आडवा होऊन उलट तिरका झाला की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो गाडीपेक्षा जास्त खाली घसरतो, आणि कलणं वाढूही शकतं. चाकांचा कॅम्बर (उभा कल) आणि टो (आत-बाहेर वळलेली दिशा) बदलतो, म्हणून अलाइनमेंट पुन्हा करावीच लागते. मागचा ॲक्सल आडव्या दांड्याने धरलेला असल्यामुळे गाडी खाली आली की तो किंचित बाजूला सरकतो. मेस्त्री ते दोन्ही मडगार्डवरून ओळंबा सोडून तपासतात. नाशिकच्या ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’सारख्या मातीवरच्या शर्यतींत गाड्या खाली घेत नाहीत, उलट चाकांना जास्त चाल देतात. आमचे रस्ते शर्यतीच्या डांबरी ट्रॅकपेक्षा त्या मातीच्याच जवळचे.

कायद्याचाही विचार करावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा केरळमधल्या प्रकरणातला निकाल, दोन्हींचा रोख एकच: कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार चालणार नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि तेव्हा गाडी आरटीओच्या तपासणीला उभी राहते. म्हणून पैसे देण्याआधी तिथे विचारून घेणं शहाणपणाचं.

माझ्या झेनपुरता निर्णय असा झाला: नव्या कंपनी-स्प्रिंगा, नवे शॉकप, स्ट्रटचे माउंटिंग, सगळे रबरी बुश, चाकांची अलाइनमेंट. आणखी खाली घ्यायचं नाही. नव्या स्प्रिंगांवर गाडी उलट वर आली, मडगार्डची पोकळी पुन्हा दिसू लागली. पण वळणात आधी जो सैलपणा मी उंचीच्या नावावर खपवत होतो तो गेला, कारण तो झिजलेल्या रबरांचा होता. ज्याला तरीही खाली घ्यायचीच आहे त्याने आधी हाच खर्च करावा, मग झिप टाय बांधून भरल्या गाडीने आपल्या रोजच्या रस्त्यावर जाऊन यावं. दांड्यावर उरलेल्या जागेच्या निम्म्याहून जास्त खाली घ्यायला सांगणारा विक्रेता भेटला, तर त्याला एवढंच विचारावं: तुमच्या गावात गतिरोधक किती आहेत?