जसं पाणी, तशी काठी!

बालमित्रांनो, गळ टाकून बसलेली माणसं तुम्ही नदीकाठी, तलावाकाठी किंवा खाडीच्या पुलावर नक्की पाहिली असतील. हातात एक काठी, काठीला तंगूस, तंगुसाच्या टोकाला गळ आणि गळाला गांडूळ. झालं सामान!

पण अमेरिकेतल्या एखाद्या मासेमारीच्या दुकानात गेलात, तर चक्रावूनच जाल. भिंतीला ओळीने लावलेल्या काठ्या, कपाटात चकचकीत रिळं आणि दोऱ्यांचे तर ढीगच ढीग! तिथे तुम्ही विचारलंत, "काका, यातली सगळ्यात चांगली काठी कोणती?" तर जाणता दुकानदार तुम्हालाच उलटे तीन प्रश्न विचारील. पाणी कसं आहे? आमिष कोणतं लावणार? आणि मासा लपलाय कुठे?

या तीन प्रश्नांची उत्तरं चुकली, तर मासा हातचा जातो, एवढंच नाही. कधी कधी बिचाऱ्या माशाच्या जिवावर बेतते. ती कशी, तेच आज पाहू या.

हा ‘बास’ कोण?

नाव वाचून लगेच नाक मुरडू नका! या बासचा वासाशी काही संबंध नाही. बास हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मासा. त्याच्या दोन जाती तिथल्या हौशी मासेमारांच्या फार आवडत्या. एक लार्जमाउथ, म्हणजे मोठ्या तोंडाचा, आणि दुसरा स्मॉलमाउथ, म्हणजे लहान तोंडाचा.

लार्जमाउथ मोठा लबाड शिकारी. तो पाणवनस्पतींत, बुडालेल्या ओंडक्याआड किंवा धक्क्याच्या सावलीत दबा धरून बसतो. समोरून लहान मासा किंवा बेडूक गेला, की एका झडपेत गट्टम! स्मॉलमाउथला मात्र खडकाळ तळ आणि थंड, स्वच्छ पाणी आवडतं. म्हणजे एकाच्या घरी गर्द झाडी, तर दुसऱ्याच्या घरी काचेसारखं पाणी. दोघांकडे एकच काठी घेऊन जाऊन कसं चालेल?

काठी : जोर आणि वाक

काठी निवडताना दोन गोष्टी पाहतात. पहिली, तिचा जोर. ती किती ताकद लावल्यावर वाकते? त्यावरून तिला हलकी, मध्यम किंवा भारी म्हणतात. दुसरी, तिचा वाक. ती नेमकी कुठून वाकते? काही काठ्यांचा फक्त शेंडा वाकतो आणि चटकन सरळ होतो. त्यांना ‘जलद’ म्हणतात. काही काठ्या जवळजवळ मध्यापासून कमानीसारख्या वाकतात. त्या ‘मध्यम’ वाकाच्या.

जलद काठीने हिसका दिला, की तो लगेच गळापर्यंत पोचतो. मध्यम वाकाची काठी मात्र गादीसारखी धक्का झेलते. दोन्ही गुणच आहेत, पण वेगवेगळ्या वेळी उपयोगी पडणारे.

पूर्वी या काठ्या बांबूच्या असत. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या काठ्या आल्या आणि १९७० च्या दशकात कार्बनच्या तंतूंपासून बनवलेल्या हलक्याफुल्क्या काठ्या निघाल्या. कार्बनच्या काठीतून माशाने आमिषाला नुसतं नाक लावलं, तरी हाताला कळतं. मग फायबरग्लास बाद झालं का? मुळीच नाही! जिथे मऊपणा हवा, तिथे जाणकार आजही तेच वापरतात.

रीळ : घड्याळजी आणि गिरणीवाले

आता एक छोटासा प्रयोग करू या. आईला विचारून शिवणाच्या दोऱ्याचं एक रीळ घ्या. त्यात पेन्सिल आडवी घाला आणि दोरा ओढा. रीळ गरगर फिरेल. आता ओढणं एकदम थांबवा. रीळ मात्र लगेच थांबत नाही. ते आणखी थोडं फिरतं आणि सुटलेल्या दोऱ्याचा गुंता होतो. बरोबर?

आता पेन्सिल काढा, रीळ टेबलावर उभं ठेवा आणि दोरा वरच्या बाजूने ओढा. रीळ जागचं हलत नाही, दोरा वेटोळ्यांनी सुटत येतो आणि गुंता जवळजवळ होतच नाही.

मासेमारीच्या रिळांचे मुख्य दोन प्रकार असेच आहेत. पहिल्या प्रकाराला ‘बेटकास्टिंग’ म्हणतात. त्यात रीळ स्वतः फिरतं. अमेरिकेत अशी रिळं बनवणाऱ्यांत केंटकी राज्यातल्या पॅरिस गावचे जॉर्ज स्नायडर यांचं नाव आधी घेतात. साधारण १८२० च्या सुमाराची ही गोष्ट. ते होते घड्याळजी! घड्याळातल्या दातेरी चाकांचं ज्ञान त्यांनी इथे वापरलं. मूठ एकदा फिरवली, की रिळाचे अनेक फेरे व्हायचे.

दुसरा प्रकार ‘स्पिनिंग’. यात रीळ स्थिर राहतं. इंग्लंडमधल्या अल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये अशा रिळाचं पेटंट घेतलं. त्यांचा व्यवसाय कापड गिरणीचा, म्हणजे सुताच्या कांड्या रोज डोळ्यांसमोर! पुढे अमेरिकेत आर. डी. हल नावाच्या टेक्सासच्या घड्याळजींनी किराणा दुकानात पुडे बांधताना रिळावरून सुटणारी सुतळी पाहिली आणि त्यावरून झाकण असलेलं, बटण दाबून सोडायचं सोपं रीळ तयार केलं. ते १९४९ मध्ये बाजारात आलं. नवशिकी मुलं आजही अशाच रिळावर हात बसवतात.

मग यातलं निवडायचं कोणतं? आमिष हलकं असेल, समजा पाच-सात ग्रॅमचं, तर त्याच्यात फिरतं रीळ ओढून न्यायचा जोर नसतो. तिथे स्पिनिंग बरं. आमिष जड आणि दोरा जाड असेल, तर बेटकास्टिंग. त्यात अंगठ्याने रिळाचा वेग आवरता येतो आणि नेम अचूक लागतो. अंगठा चुकला, की वर पाहिला तसा गुंता! अमेरिकन मासेमार त्याला गमतीने ‘पाखराचं घरटं’ म्हणतात.

रिळावर ५:१, ७:१ असे आकडे असतात. तुमच्या सायकलच्या गिअरसारखंच गणित! ५:१ म्हणजे मूठ एकदा फिरवली, की दोरा पाच फेरे गुंडाळला जातो. शिवाय प्रत्येक रिळात ताण ठरवायची एक कळ असते. माशाने जोरात ओढलं, की दोरा तुटण्याऐवजी रीळ आपोआप सैल सोडतं. पतंग उडवताना आपण ढील देतो ना, अगदी तसंच. ही कळ दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश ताणावर लावतात.

दोरा : तीन भाऊ, तीन स्वभाव

पहिला भाऊ नायलॉन, म्हणजे आपला तंगूस. तो ताणला जातो, स्वस्त असतो आणि लवकर बुडत नाही. दुसरा फ्लुओरोकार्बन. तो पाण्यात बुडतो आणि खडकावर घासला तरी चटकन झिजत नाही. शिवाय तो प्रकाश जवळपास पाण्याइतकाच वाकवतो, म्हणून माशाला सहज दिसत नाही. तिसरा विणलेला दोरा. अनेक बारीक तंतूंची ही वेणी तरंगते, जवळजवळ ताणली जात नाही आणि जाडीच्या मानाने फारच मजबूत असते. पण स्वच्छ पाण्यात ती उठून दिसते.

दोऱ्यावर लिहिलेले पौंड म्हणजे त्याची ताकद. १२ पौंडांचा दोरा सुमारे साडेपाच किलोचा ताण सोसतो.

आता जोड्या जुळवा!

चला, फ्लॉरिडातल्या ओकिचोबी तलावावर. क्षेत्रफळ सुमारे १,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळजवळ तिप्पट! पण सरासरी खोली जेमतेम नऊ फूट. उथळ पाण्यात गवत माजलेलं. इथे गवतावरून पोकळ रबरी बेडूक उड्या मारत ओढतात. खालून बास झेपावला, की त्याला गवताच्या जाळीतून ताबडतोब बाहेर काढायला हवं. म्हणून सात फुटांहून लांब भारी काठी, वेगाने गुंडाळणारं बेटकास्टिंग रीळ आणि ५० ते ६५ पौंडांचा विणलेला दोरा. एवढा जाड दोरा माशाला दिसणार नाही का? अहो, गवताच्या गर्दीत तो पाहायला कोण बसलंय!

दुसरी जागा, बुडालेल्या ओंडक्यांची. इथे ‘क्रँकबेट’ वापरतात. हा लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा नकली मासा. ओढला, की थरथरत खाली सूर मारतो. त्याला तीन टोकांचे लहान लहान गळ असतात. हिसका दिला, तर ते माशाच्या तोंडातून निसटतात. म्हणून मध्यम वाकाची काठी, ५:१ च्या आसपासचं संथ रीळ आणि १० ते १२ पौंडांचा नायलॉन किंवा फ्लुओरोकार्बन. धसमुसळेपणा इथे कामाचा नाही.

तिसरं आमिष, प्लॅस्टिकचं गांडूळ. १९४९ सालीच ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात निक क्रीम यांनी ते घरच्या स्वयंपाकघरात शिजवून बनवलं! ते तळाशी हळूहळू सरकवायचं. गळाचं टोक गांडुळातच लपवलेलं असतं, म्हणून झुडपात अडकत नाही. पण मासा लागला, की टोक गांडुळातून बाहेर येऊन जबड्यात रुतलं पाहिजे. त्यासाठी जलद वाकाची थोडी भारी काठी आणि १२ ते १७ पौंडांचा फ्लुओरोकार्बन.

आणि पाण्यावर बुडबुड करत नाचणारं आमिष असेल तर? तिथे फ्लुओरोकार्बन नको. तो बुडताना आमिषाचं नाक खाली ओढील आणि नाच बंद! तिथे आपला साधा नायलॉनच राजा.

चूक आपली, शिक्षा माशाला

समजा, गवतात कुणी बारीक दोरा टाकला. मासा लागला, गवतात शिरला आणि दोरा तुटला. आता तो मासा तोंडात गळ आणि मागे लोंबणारा दोरा घेऊन हिंडणार. किंवा मोठ्या माशासाठी फारच नाजूक काठी वापरली, तर त्याला काठावर आणायला खूप वेळ लागतो. झुंजून झुंजून तो इतका थकतो, की सोडून दिल्यावरही कधी कधी जगत नाही.

हे महत्त्वाचं, कारण बास पकडणारे बरेच जण त्याला परत पाण्यात सोडतात. रे स्कॉट यांनी सुरू केलेल्या बास मासेमारांच्या संघटनेने १९७२ मध्ये ‘पकडलेला मासा मारू नका’ अशी मोहीम काढली आणि स्पर्धांतले मासे जिवंत ठेवून सोडण्याची पद्धत रुजली. मासा सोडायचाच आहे, तर तो धडधाकट परत जायला नको का?

पण प्रत्येक देशात सोडणं योग्य असतंच असं नाही, बरं का! जपानमध्ये बास १९२५ साली बाहेरून आणला गेला. तो तिथल्या मूळच्या लहान माशांना फस्त करू लागला. म्हणून बिवा सरोवरात पकडलेला बास पुन्हा सोडायला २००३ पासून बंदी आहे. परदेशी मासा आपल्या तळ्यात आणून सोडू नये, हा धडा आपणही घेण्यासारखा आहे.

तुटलेला दोराही फेकू नका. त्यात पक्ष्यांचे पाय आणि पंख अडकतात. फ्लॉरिडात मासेमारीच्या धक्क्यांवर जुने दोरे टाकायला खास नळ्या बसवल्या आहेत.

महागडं सामान हवंच का?

पालकांनो, हे तुमच्यासाठी. २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातल्या माँटगोमेरी तलावात जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून जड लार्जमाउथ पकडला. दिवस मंदीचे. तो आणि त्याचा मित्र, दोघांत मिळून काठी एकच! तो विक्रम ७७ वर्षं कुणाला गाठता आला नाही. २ जुलै २००९ रोजी बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याहून औंसभर जड मासा पकडला. पण नियमाप्रमाणे निदान दोन औंसांचा फरक हवा. त्यामुळे दोघांचा विक्रम बरोबरीचा ठरला.

सुरुवात करणाऱ्याला साडेसहा-सात फुटांची मध्यम जोराची काठी, स्पिनिंग रीळ आणि ८ ते १० पौंडांचा नायलॉन पुरतो. आणि मुलांनो, पाण्याजवळ जाताना सोबत मोठं माणूस हवंच!

तुमची परीक्षा

पाणी काचेसारखं स्वच्छ. खोली २५ फूट. खडकाळ तळाशी स्मॉलमाउथ. आमिष बोटाएवढं, मऊ आणि हलकं. कोणती काठी, कोणतं रीळ, कोणता दोरा? खालचं उत्तर हाताने झाका. आधी तीन प्रश्न स्वतःला विचारा, आणि मगच हात काढा.

उत्तर : मध्यमहून थोडी हलकी, जलद वाकाची काठी, स्पिनिंग रीळ, ६ ते ८ पौंडांचा फ्लुओरोकार्बन. हलक्या आमिषासाठी स्थिर रीळ, स्वच्छ पाण्यासाठी न दिसणारा दोरा आणि खोलवरची हलकीशी टोच कळावी म्हणून जलद शेंडा. जमलं? शाब्बास!